काम माहीत असते, पण सुरू होत नाही

सोलापुरात नवी पेठेतल्या एका छोट्या कार्यालयात मी व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. टॉवेल-चादरीचे काही कारखानदार, दोन-चार किराणा दुकानदार आणि एक भांड्यांचे दुकान एवढा माझा पसारा आहे. यांतल्या बहुतेकांचे जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागते. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क लागते आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज चढते. हे मला कोणी सांगायला नको, कारण दिवसभर मी हेच इतरांना सांगत असतो. तरीही कित्येक वर्षे एका टॉवेल कारखान्याची निळी फाइल ५ तारखेला माझ्या टेबलावर येऊन पडायची आणि १९ तारखेच्या रात्रीपर्यंत तिची फीतसुद्धा सुटायची नाही.

त्या दोन आठवड्यांत मी विसरलेलो नसायचो. फाइल रोज डोळ्यांपुढे असायची. मी ती डावीकडून उजवीकडे सरकवायचो, पोर्टल उघडायला बसायचो, पासवर्ड लिहिलेली डायरी शोधू लागायचो, ती शोधताना विम्याची जुनी पावती हाती लागायची आणि तासाभराने मी त्या पावतीच्या मागे लागलेला असायचो. मात्र १९ तारखेला रात्री साडेदहा वाजता डोक्यावर पंखा गरगरत असताना तेच काम मी अडीच तासांत आणि बहुतेकदा बिनचूक उरकायचो. “मग हे आधीच का नाही केलंत?” हा घरचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. उत्तराचा निम्मा भाग वयाच्या ३८ व्या वर्षी एका मानसोपचारतज्ज्ञांकडे एडीएचडीच्या निदानातून मिळाला आणि उरलेला निम्मा, थोडे विचित्र वाटेल, पण वडिलांच्या यंत्रमागावर मिळाला. हा लेख त्या दोन्हींविषयी आहे.

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. मेंदूच्या वाढीशी निगडित अशी ही स्थिती आहे आणि तिची सुरुवात बालपणातच होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. ती घर, शाळा, कामाची जागा अशा किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात आणि त्यांच्यामुळे रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा येत असावा लागतो. नावातला ‘डेफिसिट’ हा शब्द मला अजूनही खटकतो. या व्यक्तींकडे लक्ष कमी असते असे नाही. ते कुठे आणि केव्हा लावायचे यावरचा ताबा कमी असतो. माझ्यासारखा माणूस क्रिकेटची जुनी आकडेवारी चार तास मान वर न करता वाचू शकतो, आणि चार ओळींचे पत्र त्याच्याकडून चार दिवस लिहून होत नाही.

हे मोबाइलच्या युगातले नवे खूळ आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते, आणि त्यापूर्वी १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने लक्ष न टिकण्याच्या त्रासावर लिहून ठेवले होते. जगभरातल्या अभ्यासांवरून मुलांमध्ये याचे प्रमाण सुमारे ५ ते ६ टक्के आणि प्रौढांमध्ये सुमारे २.५ टक्के मानले जाते. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात होती. त्यातल्या प्रौढांना हे जागतिक प्रमाण लावून ढोबळ हिशेब केला, तर आकडा पंधरा हजारांच्या आसपास जातो. त्यांतल्या बहुतेकांना घरात आणि शाळेत ‘आळशी’ किंवा ‘विसराळू’ हे एकच निदान मिळालेले असणार. विशेषतः मुलींच्या बाबतीत असे होते, कारण वर्गात धुडगूस न घालता खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुलीची तक्रार कोणी करत नाही.

चालढकल तर सगळेच करतात, मग फरक कुठे आहे? आळशी माणसाला न केलेल्या कामाचा त्रास होत नाही. तो दुपारी जेवून निवांत झोपतो. एडीएचडी असलेली व्यक्ती काम करत नसते आणि विश्रांतीही घेत नसते. ती खुर्चीच्या कडेवर बसून ‘आता उठतो’ असे स्वतःला सांगत राहते, आणि संध्याकाळी काहीच न करता पुरती दमलेली असते. दुसरा फरक असा, की साधी चालढकल सहसा नावडत्या कामापुरती असते, तर इथे आवडते कामही अडते. मित्राला फोन करायचा आहे, मनापासून करायचा आहे, आणि तीन महिने होत नाही. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी गेली कित्येक वर्षे मांडलेला मुद्दा असा आहे, की एडीएचडीमध्ये ज्ञानाची उणीव नसते, जे माहीत आहे ते योग्य वेळी कृतीत उतरवण्याची अडचण असते. म्हणूनच अशा व्यक्तीला ‘वेळेवर काम करणे किती महत्त्वाचे आहे’ हे समजावण्याचा उपयोग होत नाही. ते तिला समजावणाऱ्याइतकेच ठाऊक असते.

आता मेंदूत काय घडते ते पाहू. कपाळामागच्या मेंदूच्या भागाकडे एखाद्या मुकादमासारखी कामे असतात: कोणते काम आधी घ्यायचे ते ठरवणे, पुढच्या पायऱ्या ध्यानात धरून ठेवणे, मधेच सुचलेल्या गोष्टीला थोपवणे आणि हातातले काम सोडून दुसऱ्याकडे वळणे. या मुकादमाचे काम मेंदूच्या आतल्या भागांशी चालणाऱ्या देवाणघेवाणीवर अवलंबून असते आणि त्या देवाणघेवाणीत डोपामिन व नॉरॲड्रेनालिन या रसायनांचा मोठा वाटा असतो. एडीएचडीमध्ये या यंत्रणेचे नियमन वेगळ्या रीतीने होते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के असल्याचे दिसते, त्यामुळे मुलाचे निदान होत असताना बापाला स्वतःचे बालपण आठवू लागते, हे दृश्य दवाखान्यांत नवीन नाही. डोपामिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण ती अपुरी आहे. एखादी गोष्ट हात लावण्याजोगी आहे, तिच्यासाठी उठणे परवडेल, असा इशारा देण्याशी त्याचा अधिक संबंध आहे. हा इशारा क्षीण असला, की काम महत्त्वाचे आहे हे बुद्धीला पटते, पण पाय उचलला जात नाही.

त्यात काळाची भर पडते. पुण्याच्या रस्त्यावर समोरून येणारा ट्रक लांबून खेळण्यातला वाटतो आणि मग अचानक अंगावर येतो. तसे भविष्यातले लाभ आणि तोटे लांबून लहान दिसतात. हे सर्वांच्याच बाबतीत घडते. ‘आज ५०० रुपये घ्याल, की महिन्याने ७०० घ्याल’ अशा प्रश्नांतून मानसशास्त्रज्ञ ही घट मोजतात, आणि एडीएचडी असलेल्यांमध्ये ती सरासरीने अधिक तीव्र असल्याचे आढळते. ५ तारखेला माझ्या मेंदूच्या लेखी २० तारखेचा दंड हा खेळण्यातला ट्रक असायचा. १९ च्या रात्री तो पुढ्यात यायचा, भीतीने सगळी यंत्रणा जागी व्हायची आणि काम सुरू व्हायचे. म्हणजे माझे काम भीतीच्या इंधनावर चालत होते. हे इंधन महाग असते, कारण त्याची किंमत झोप, पित्त आणि घरातले वातावरण यांतून वसूल होते.

शिवाय ज्याला आपण ‘एक काम’ म्हणतो ते क्वचितच एक असते. माझ्या निळ्या फाइलचेच पाहा. फीत सोडायची, खरेदीची बिले तारखेप्रमाणे लावायची, ती पोर्टलवरच्या नोंदींशी ताडून पाहायची, होटगी रोडवरच्या एका सूत व्यापाऱ्याचे बिल नेहमीप्रमाणे दिसत नाही म्हणून त्याला फोन करायचा, मग रक्कम भरायची आणि शेवटी कारखानदाराच्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागायचा, तर ते गृहस्थ दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत. ज्याची कार्यकारी स्मृती, म्हणजे पुढच्या पायऱ्या ध्यानात धरून ठेवण्याची क्षमता, भक्कम आहे, त्याला हे सारे ओळीने दिसते. मला ते एकाच वेळी एकाच दारातून आत येऊ पाहणाऱ्या माणसांसारखे दिसते, आणि दार अडते.

शेवटची गोष्ट भावनेची आहे आणि माझ्या मते हीच सर्वांत कमी बोलली जाते. टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरोइस या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये असे मांडले, की चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थिती सावरण्याचा प्रश्न आहे. काम पाहून जी अस्वस्थता येते, ती टाळण्यासाठी माणूस काम टाळतो. एडीएचडी असलेल्या व्यक्तीकडे अशा अस्वस्थतेचा साठा लहानपणापासून जमलेला असतो. फाइल चार दिवस पडली, की ती नुसती फाइल राहत नाही, तिच्यावर चार दिवसांची शरम साचते. पाचव्या दिवशी उचलायची असते ती दोन्हींची मिळून झालेली मोळी.

आता वडिलांच्या मागाकडे येतो. ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमाग चालवत. शाळा सुटल्यावर मी डबा घेऊन जायचो आणि खडखडाटात एका कोपऱ्यात बसायचो. माग चालू असताना काम सोपे दिसते: धोटा इकडून तिकडे जातो, कापड इंचाइंचाने गुंडाळले जाते. खरी अडचण बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपतो तेव्हा येते. नवीन बीम चढवल्यावर त्याचा प्रत्येक धागा तारांच्या बारीक डोळ्यांतून आणि पुढे फणीच्या दातांतून ओवावा लागतो. धागे हजारोंच्या घरात, आणि एक चुकला तर कापडावर शेवटपर्यंत रेघ. म्हणून अनुभवी कारागीर जुना बीम पूर्ण रिकामा होऊ देत नाहीत. जुन्या धाग्यांची टोके डोळ्यांत आणि फणीत तशीच ओवलेली ठेवतात, नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला गाठ मारून जोडतात आणि मग सगळे हलक्या हाताने पुढे ओढून घेतात. बोटांच्या चिमटीत दोन टोके घेऊन मारलेली ती गाठ मला अजून दिसते. ती इतकी बारीक असायची, की फणीतून जाताना अडायची नाही.

निदानानंतर काही महिन्यांनी मला ही गोष्ट आठवली आणि माझी चूक कळली. मी प्रत्येक काम ‘पूर्ण संपवून’ उठायचो, टेबल साफ करायचो, फाइल बांधून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी शून्यापासून ओवायला बसायचो. ज्याला सुरुवातच जड जाते, त्याने रोज नवी सुरुवात का ओढवून घ्यावी? आता मी संध्याकाळी काम मुद्दाम अर्धवट सोडतो. बिलाचा क्रमांक टाकायचा आणि रक्कम रिकामी ठेवायची. पत्रातले वाक्य अर्ध्यावर तोडायचे. पुढची कृती कागदाच्या कपट्यावर लिहून फाइलवर उघडी ठेवायची. कपट्यावर ‘विवरणपत्र पूर्ण करणे’ असे लिहून काही होत नाही. ‘१४ नंबरच्या बिलाची रक्कम टाक’ असे लिहावे लागते, म्हणजे सकाळी विचार न करता हात चालवता येतो. नीटनेटकेपणाच्या सवयीविरुद्ध हे जाते, पण जुळले की धागा ओढला जातो.

पहिली कृती हाताने करायची असावी आणि हसू येण्याइतकी लहान असावी. ‘अभ्यासाला बसणे’ ही कृती नाही. ‘वहीचे पान १२ उघडणे’ ही कृती आहे. घर आवरायचे असेल तर फक्त स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचे दोन पेले उचलावेत. मोठे काम लहान तुकड्यांत वाटा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो, परंतु एडीएचडी असलेल्या माणसाला तुकडे पाडणे हेच एक नवे मोठे काम होऊन बसते आणि तो तीन रंगांच्या पेनांनी सुंदर तक्ता काढून थांबतो. त्यामुळे सगळे तुकडे पाडू नयेत, फक्त पहिला पाडावा.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली ‘जर-तर’ योजना इथे उपयोगी पडते. ‘उद्या काम करीन’ या संकल्पापेक्षा ‘चहाचा कप खाली ठेवला, की फाइलची फीत सोडीन’ असे ठरवले तर काम होण्याची शक्यता वाढते, कारण निर्णय आधीच घेऊन झालेला असतो आणि कप खाली ठेवणे हीच खूण बनते. एडीएचडी असलेल्या मुलांवरही या पद्धतीचे प्रयोग झाले आहेत आणि त्यांत आवेग आवरायला तिची मदत झाल्याचे दिसले. मात्र खूण डोळ्यांना दिसणारी किंवा हाताला लागणारी असावी. ‘अकरा वाजता’ ही खूण माझ्यासाठी निकामी आहे, कारण अकरा वाजलेले मला साडेबाराला कळते. त्यासाठी मी भिंतीवर काट्यांचे मोठे घड्याळ लावले. काटा किती सरकला हे दिसते, मोबाइलवरच्या आकड्यांत ते दिसत नाही.

सोबतीचा उपयोग मला सर्वांत उशिरा पटला. कोणीतरी शेजारी आपले काम करत बसलेले असले, की आपलेही सुरू होते; त्याने मदत करायची नाही, चौकशीही करायची नाही, फक्त बसायचे. यावर भक्कम संशोधन अजून थोडे आहे, पण अनुभव सांगणारे भरपूर आहेत, आणि सोलापूरकराला हे कळायला अवघड जाऊ नये. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, पेलायचा सराव आधीपासून सुरू होतो, तेव्हा कोणी घरी बसून ‘आज मूड नाही’ म्हणत नाही, कारण जागा ठरलेली असते, माणसे जमलेली असतात आणि हात आपोआप काठीला लागतो. माझा एक मित्र दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी त्याच्या दुकानाची बिले घेऊन माझ्या टेबलासमोर बसतो. आम्ही तासभर बोलत नाही. नंतर मात्र बराच वेळ बोलतो.

हे सगळे उपाय गोळ्यांना पर्याय आहेत असे मी म्हणणार नाही. मेथिलफेनिडेट हे औषध डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन यांचे पेशींत परत शोषले जाणे मंदावते आणि त्याचा परिणाम त्याच दिवशी जाणवतो; ॲटोमॉक्सेटीन मुख्यतः नॉरॲड्रेनालिनवर काम करते आणि त्याला काही आठवडे लागतात. मेथिलफेनिडेट आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत येते, त्यामुळे ते केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, त्यांच्या देखरेखीखाली घ्यायचे असते; भाच्याची गोळी मामाने खाऊन पाहायची नसते. भूक मंदावणे, झोप उडणे, नाडी वाढणे असे त्रास होऊ शकतात आणि हृदयाचा विकार असल्यास ते आधी सांगावे लागते. माझ्या बाबतीत गोळीने इंजिन तापले, पण गाडी कोणत्या रस्त्याला लावायची ते मलाच ठरवावे लागले. पहिल्या आठवड्यात मी मोठ्या एकाग्रतेने कपाटातल्या जुन्या वायरी गुंडाळून ठेवल्या. प्रौढांसाठी खास आखलेल्या वर्तनोपचारांचाही फायदा संशोधनात दिसला आहे, आणि त्यांत नियोजन, कामाची मांडणी व स्वतःविषयीचे कडू विचार या तिन्हींवर काम होते.

निदान मात्र मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून करू नये. थायरॉइडचे विकार, अपुरी झोप, नैराश्य आणि चिंता यांतही लक्ष उडते व कामे अडतात, आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. तज्ज्ञ बालपणाविषयी विचारतात, जमल्यास आई किंवा मोठ्या भावंडाशी बोलतात, शाळेची जुनी प्रगतिपुस्तके मागतात. माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण लक्ष नाही’ असा शेरा सापडला आणि डॉक्टर हसले. तो शेरा त्यांनी बहुधा शेकडो वेळा वाचला असावा. कुठे जावे हे कळत नसेल, तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून सुरुवात करता येते, किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस या निःशुल्क सेवेला १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. तिथे मराठीतून बोलता येते.

घरच्यांसाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पूर्वी माझी पत्नी रोज विचारायची, “झालं का ते काम?” आणि त्या प्रश्नाने फाइलवर आणखी एक थर चढायचा. निदानानंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने प्रश्न बदलला. आता ती फक्त विचारते, “फीत सोडली का?” सोडली नसेल तर ती स्वतः सोडते, पहिले बिल वर काढून ठेवते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. यात लाड करण्याचा भाग नाही. उरलेले काम मलाच करायचे असते आणि चुकले तर दंडही माझ्याच खिशातून जातो.

मागच्या महिन्यात घरात लग्न होते, मित्र दोन्ही आठवडे आला नाही आणि फाइल पुन्हा १९ तारखेपर्यंत गेली. या महिन्यात आज ८ तारीख आहे. फीत सुटलेली आहे, १४ नंबरच्या बिलाचा क्रमांक टाकून झाला आहे आणि रकमेची जागा मी रिकामी ठेवली आहे.